तीनशे अकरा दुरुस्त्या

५ फेब्रुवारी

आज पुन्हा नावेच्या जागी जमा लिहिलं! हिशेब शिकवणाऱ्या बाईंनी माझी वही वर्गासमोर उंच धरली आणि म्हणाल्या, या मुलीच्या दुकानात कपडे विकले की गल्ल्यातले पैसे कमी होतात. सगळे हसले. मीही हसले, काय करणार. या बाईंना आम्ही ताळाबाई म्हणतो. दर तासाला एकच पालुपद — आधी ताळा घ्या, मग तोंड उघडा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली का ते पाहा, नाहीतर तुमचं सगळं ज्ञान वाऱ्यावर.

वहीच्या समासात मी बाह्या काढल्या होत्या. फुग्याच्या, तीन प्रकारच्या. त्याही सगळ्यांना दिसल्या.

मला कपडे काढायचे होते. म्हणजे कागदावर. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा नापास. तेव्हा मावशी म्हणाली होती, कपडे काढणारे पैशाला पासरी आहेत, काढलेले कपडे पडून का राहतात ते सांगणारं कोणी नाही, तू ते शीक. तिला माहीत असणारच. मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानात जिन्याखालच्या काऊंटरवर बावीस वर्षं ती लोकांच्या पँटी आखूड करते आहे. म्हणून हा सात महिन्यांचा अभ्यासक्रम. अर्थशास्त्र, हिशेब, आकडेवारी — सगळं कपड्यांच्या धंद्यापुरतं. फीसुद्धा मावशीनंच भरली. पाच महिने झाले आणि मी अजून नावे-जमात अडकले आहे!

६ फेब्रुवारी

पाय हलवायची सवय जात नाही. शेजारी बसणारा चष्मिष म्हणतो, तुझ्यामुळे बाक हलतं आणि माझा आलेख वाकडा येतो. त्याचा आलेख एरवीही वाकडाच असतो.

१० फेब्रुवारी

अर्थशास्त्राचा तास आज चक्क आवडला. फॅशनचा माल भाजीसारखा, सर म्हणाले. सकाळी ताजा, संध्याकाळी अर्ध्या भावात. फरक एवढाच की कोट कुजला तरी वास येत नाही, तो नुसता जागा अडवून बसतो. म्हणून दुकानात शिरल्यावर एकच विचारायचं — कोणी किती चौरस फूट अडवलेत आणि त्या बदल्यात काय दिलंय?

दिवसभर हेच डोक्यात. घरी येऊन मावशीच्या टेपनं माझी खोली मोजली. सर्वांत जास्त जागा अडवून काहीच न देणारी वस्तू सापडली — मी!

११ फेब्रुवारी

शेवटचा प्रकल्प जाहीर झाला. एका खऱ्या दुकानाची वर्षभराची विक्री मिळवायची, तिची चिरफाड करायची आणि मालकाला एक बदल सुचवायचा. वीस पानं. गेल्या वर्षी दोघांना त्यांच्या मालकांनी लगेच कामावर घेतलं म्हणे. आकडेवारीच्या सरांनी हे सांगताना फळ्यावर सवयीनं एक रेघ ओढली. यांचं नाव सरळरेषा. ठिपके कसेही सांडलेले असोत, हे त्यातून रेघ काढणारच.

मला ही नोकरी हवी आहे. दुसरी कुठलीही चालेल, पण हवी आहे. तेविसावं सरत आलं आणि अजून मावशीच्या पर्समधून सुट्टे मागते.

१४ फेब्रुवारी

मावशीनं मालकांना विचारलं आणि त्यांनी सगळी विक्री एका पेन ड्राइव्हवर घालून दिली! त्यांनाही उत्तर हवंच आहे. खालच्या मजल्यावर पट्टे-पिशव्यांचा रॅक लावायचाय आणि जागा नाही. कुठला कोपरा काढावा? भीडभाड नको, खरे आकडे हवेत, असा निरोप आहे.

मावशीनं पेन ड्राइव्ह रुमालात बांधून आणला. 'ठमाबाई, एवढ्याशात बसलं का गं सगळं दुकान?' तीन वेळा विचारलं. मग शेजारच्या काकूंना दाखवायला घेऊन गेली!

१९ फेब्रुवारी

एकसष्ट हजार ओळी. एक ओळ म्हणजे एक विक्री — वस्तू, किंमत, तारीख, वेळ. बघूनच गरगरलं.

सरळरेषांनी सांगितलंय, आधी घाण काढा, यंत्रं कधीकधी एकच विक्री दोनदा नोंदवतात. तंतोतंत सारख्या ओळी काढून टाकायला एक बटण आहे. दाबलं. नऊ हजारांवर ओळी एका फटक्यात गेल्या! सरांना दाखवलं. ते म्हणाले, 'छान. आता तुमचे आकडे बोलतील.' पाच महिन्यांत पहिल्यांदा छान. चष्मिष अजून हातानं मोज्यांचे जोड मोजत बसलाय.

२३ फेब्रुवारी

विभागवार विक्री काढली. शर्ट, कोट, मुलांचे कपडे — सगळं अपेक्षेसारखं. शेवटी दुरुस्ती. मावशीचा काऊंटर.

वर्षभरात तीनशे अकरा.

२४ फेब्रुवारी

पुन्हा मोजल्या. तीनशे अकरा.

म्हणजे दिवसाला एक! मग ही बाई रोज मान धरून घरी येते ती कशानं? बोटांना चिंध्या बांधते त्या कशासाठी? तेल चोळायला मला बसवते, अगं जरा जोर लाव, म्हणते. एका पँटीनं एवढं?

२७ फेब्रुवारी

मावशी चष्मा घरी विसरली. खरं तर मी तो उशीखाली सरकवला होता. द्यायच्या निमित्तानं दुकानात गेले.

जिन्याखाली चाळीस चौरस फूट. शिलाई मशीन, आरसा, एक स्टूल. आणि रांग! कोणाची कंबर, कोणाची बाही, एका जाड्या गृहस्थाची कोटाची बटणं. मावशीच्या ओठांत टाचण्या, हातात निळा खडू. माप घ्यायचं, चिठ्ठी लिहायची, तारेत ओवायची. दर एकच आहे, बाही असो की कंबर. पैसे घेऊन शेजारच्या पत्र्याच्या डब्यात. मी स्टुलावर बसून मोजत होते. तासाभरात अकरा.

बिलाचं छोटं यंत्र तिथेच, फडक्याखाली झाकलेलं. मावशीनं त्याला एकदाही हात लावला नाही. एकालाही बिल दिलं नाही.

मनात पाल चुकचुकली. लिहायलाही नको वाटतंय.

निघताना मावशी म्हणाली, 'काय गं पुटपुटत होतीस?' काही नाही म्हटलं आणि बाहेर पडले. दोन थांबे चालत आले.

१ मार्च

लिहूनच टाकते. तासाला अकरा आणि नोंद दिवसाला एक. मग बाकीचे पैसे कुठे जातात?

आणि माझी फी कुठून आली? तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाली होती, माझे आहेत, तुला कशाला चांभारचौकशा. मी लगेच फॉर्म भरला होता. मला फी हवी होती.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. माय मरो पण मावशी जगो, असं तेव्हा कोणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालं होतं. मला राग आला होता. पण माझी मावशी खरंच जगली, माझ्यासाठीच जगली, आणि मी आज तिच्या कपाटातल्या कपड्यांची किंमत मनातल्या मनात लावत होते. सगळे मिळून माझ्या एका कोटाएवढे होत नाहीत. मग पैसे जातात कुठे? माझ्यावर. सगळीकडून फिरून तिथेच येतं.

४ मार्च

जेवताना विचारणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तिनं तिच्या ताटातली भाजी माझ्या ताटात वाढली.

७ मार्च

अहवालात दुरुस्तीचा विभाग वगळावा म्हटलं. सरळरेषांनी कच्चा मसुदा पाहून लगेच पकडलं. सगळे विभाग हवेत. मग जे पाहिलं ते लिहू? म्हणजे प्रत्यक्षात तासाला अकरा आणि नोंद दिवसाला एक? मालक उद्याच डबा उघडायला लावतील. बावीस वर्षांनी, त्या रांगेसमोर!

तिसरा मार्ग सापडला. काऊंटर बंद करावा असंच लिहायचं. जागा चाळीस चौरस फूट, कामं तीनशे अकरा, तिथे पट्टे-पिशव्या लावाव्यात. काऊंटरच राहिला नाही तर कोण कशाला खणत बसेल? मावशीला दुसरं काम देतील. काढून टाकायचे नाहीत, मालक तसे नाहीत. तिची अब्रू राहील आणि तो डबाही सुटेल.

हे मी तिच्यासाठी करते आहे. पान नऊवर लिहिलं. 

१२ मार्च

अहवाल दिला. सरळरेषा म्हणाले, स्वच्छ काम. ताळाबाईंनी पानं चाळली आणि विचारलं, दुकानाच्या खातेवहीशी ताळा घेतला का? खातेवही मागितलीच नव्हती. विक्रीचाच प्रकल्प आहे ना, बाई, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्याकडे वळल्या.

२० मार्च

मालकांनी बोलावलं. वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. अहवाल आवडला. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपासून विक्रीचे आकडे बघायला या, म्हणाले. पगाराचा आकडाही सांगितला. मावशीच्या पगारापेक्षा जास्त आहे.

फक्त पान नऊ जरा तपासून घेतो, म्हणाले. ते पक्कं झालं की पत्र देतो.

पाय असे हलायला लागले की दोन्ही हातांनी गुडघे दाबून बसले. तपासून घेतो म्हणजे? खाली जाऊन डबा उघडणार? आनंद व्हायला हवा होता. जिना उतरताना मावशीनं टाचण्या तोंडात तशाच ठेवून भुवयांनी विचारलं, काय झालं? मी मान हलवली. ती तशीच हसली.

२३ मार्च

दाराची कडी वाजली की आधी खिडकीतून बघते. आज दूधवाला होता.

२५ मार्च

मावशी नेहमीच्या वेळेला आली. नेहमीसारखीच. उलट जरा जास्तच बोलत होती. पायातल्या चपला काढता काढता विचारलं, 'त्या अहवालावरच नोकरी आहे ना तुझी?' हो म्हटलं. 'अहवाल चुकला तर नाही मिळणार?' म्हटलं, चुकलेल्या अहवालावर कोण देईल. 'बरं,' म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मालकांनी तपासलं नसणार. सुटले!

२८ मार्च

पत्र आलं. त्याच दिवशी खाली सूचना लागली. एक तारखेपासून दुरुस्तीचा काऊंटर बंद. मावशीला कपडे घालून बघायच्या खोल्यांबाहेर टाकलंय. लोकांनी टाकलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. पगार थोडा कमी. बसायला जागा नाही.

मी म्हटलं, मावशी, मला... ती म्हणाली, अगं, बरं झालं, डोळे कुठे चालतात आता माझे. आणि माझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. चष्म्याशिवाय.

१ एप्रिल

मावशीनं काऊंटरवरचं सामान घरी आणलं. कात्री कागदात गुंडाळलेली. टेप, टाचण्यांची उशी, अर्धा खडू. सगळं कपाटाच्या तळाशी ठेवलं.

६ एप्रिल

तिचे गुडघे सुजलेत. आठ तास उभी असते. तेल लावताना आज जोर लाव म्हणाली नाही.

मी स्वतःला समजावते की तिला वाचवलंय. पण जिला वाचवलं तिच्या तोंडाकडे बघवत नाही, हे कसलं वाचवणं! कोणाला सांगताही येत नाही. चष्मिष म्हणतो, नोकरी मिळालेल्या माणसाचं तोंड असं असतं का?

९ एप्रिल

नव्या शर्टाचा दोरा कापायला मावशीची कात्री काढली. तिच्यावरचा कागद उलगडला. बिलाच्या यंत्राची पट्टी. लांबच लांब.

दुरुस्ती, एक, वेळ ८:४०.
दुरुस्ती, एक, वेळ ८:४०.
दुरुस्ती, एक, वेळ ८:४०.

चौतीस ओळी. एकाच दिवसाच्या. दर तोच, तारीख तीच, वेळ तीच. खाली बेरीज, आणि बेरजेखाली मावशीची बारीक सही.

तंतोतंत सारख्या ओळी काढून टाकायचं बटण!

स्वयंपाकघरात जाऊन शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, मावशी, तू यंत्रावर नोंद कधी करायचीस? तिनं भाजी चिरायची थांबवली. मग म्हणाली, 'खडूचे हात लावले की त्याची बटणं अडकतात. एकदा बिघडलंच होतं. म्हणून दुकान मिटताना हात धुऊन सगळ्या चिठ्ठ्या एकदमच. जितक्या चिठ्ठ्या तितक्यांदा बटण.' आणि लगेच, 'कशाला आता ते?'

मूळ फाईल उघडली. दुरुस्ती — नऊ हजार सत्तेचाळीस. दिवसाला एकोणतीस. त्या तारेत ओवलेली प्रत्येक चिठ्ठी नोंदलेली आहे, एकही सुटलेली नाही. मी रोजची एक ठेवली आणि बाकीच्या घाण म्हणून काढून टाकल्या. आणि दुकान वर्षात किती दिवस उघडं होतं तेही आज मोजलं. तीनशे अकरा! दीड महिना तो आकडा उशाशी घेऊन झोपले, आणि एकदाही हे मोजावंसं वाटलं नाही.

ताळा घेतला असता तर गल्ल्यात पैसे जास्त निघाले असते. जास्त! चोरीत पैसे कमी पडतात गं, मूर्खे, जास्त होत नाहीत. ताळाबाईंनी पहिल्या महिन्यात शिकवलेलं. पण मी यंत्राला विचारलं नाही, खातेवहीला विचारलं नाही, समोर ताट घेऊन बसलेल्या बाईला विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. मी तोही स्वतःच्या मनानं उभा केला, आणि जिनं मला वाढवलं तिला त्याच्या जागी बसवलं. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१० एप्रिल

मावशीला सांगायचा धीर झाला नाही. आधी मालकांना. चुकलेल्या अहवालावर कोण नोकरी देईल, हे मीच म्हटलं होतं. उद्या पत्र परत करायचं. जिन्याखाली आता पट्टे टांगलेत. ते उतरवतील की नाही माहीत नाही, पण नऊ हजार सत्तेचाळीस हा आकडा मी त्यांच्या टेबलावर ठेवणार.

आज पाय हलत नाहीयेत. नवल आहे.

११ एप्रिल

सगळं सांगितलं. संशयाचं सोडून सगळं. पत्र टेबलावर परत ठेवलं.

मालकांनी कपाटातून माझा अहवाल काढला. म्हणाले, 'मलाही तीनशे अकरा कमीच वाटले होते. म्हणून पंचवीस तारखेला बाईंना वर बोलावून पान दाखवलं. त्यांनी विचारलं, हे माझ्या भाचीनं काढलंय ना? मग बरोबर असणार, म्हणाल्या. म्हटलं, तसं लिहून द्या.' कोपऱ्याबद्दलही काहीतरी बोलले, बघू असं काहीतरी. मला ऐकू आलं नाही.

पान नऊ माझ्यासमोर होतं. आकड्याशेजारी समासात 'बरोबर आहे', खाली मावशीची बारीक सही, आणि कागदावर निळ्या खडूचं बोट.